वडाचे फेरे आणि बेटावरचे चतुर

आमचे हे दूरच्या बेटांवर गेले त्या वर्षी मी नवस बोलले होते, की सुखरूप घरी येऊ देत, मग आमच्या आळीत चतुराच्या शेपटीला कोणाला दोरा बांधू देणार नाही. ते पुढे सांगतेच. आमच्या घरातल्या गोष्टी वळून ठेवलेल्या वातींसारख्या साठत जातात. आज चार पेटवते.

आमचे हे मुंबईच्या कॉलेजात बीजगणित शिकवत. सुट्टी लागली की कडावला घरी. डोक्यात दोनच विषय: वस्तूंचे आकार, आणि चतुर!

*

दिवाळीची कडबोळी तळत होते. हे चुलीपाशी येऊन म्हणाले, कडबोळं आणि तुझी बांगडी माझ्या गणितात एकच. दोन्हींना भोक एक. मऊ असती तर न तोडता एकाचं दुसरं करता आलं असतं.

मी म्हटलं, "मग यंदा फराळाला बांगड्याच वाढते."

हसले, पण खाल्लं कडबोळंच.

*

वटपौर्णिमेला शेजारच्या सखूवहिनी बोलता बोलता एक फेरा उलटा घालून बसल्या. घरी यजमान तापाने पडलेले. डोळ्यांत पाणीच आलं. हे पारावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, उलटा फेरा म्हणजे वजा एक. एक सरळ घाला, तो फिटला. मग राहिलेला घाला."

मग मला समजावत राहिले, की सूत ढिलं करा, वरखाली सरकवा, फेरे तेवढेच राहतात. आकाराच्या पोटात बीजगणित असतं. सगळं कळलं असं नाही. पण ज्या झाडाला आम्ही बायका नुसते हात जोडतो, त्यात देवाने एवढं भरून ठेवलंय, या विचाराने अंगावर काटा आला.

सखूवहिनींनी दोन्ही फेरे घातले, वर आणखी एक. म्हणाल्या, "राहू दे शिलकीला."

*

हे जाळी घेऊन भाताच्या बांधावर उभे असत. आमच्या शेतावर येणारी हिराबाई म्हणायची, "मास्तर, मासं वढ्यात हायत. वर कुटं बघताय?"

चतुर बघायला हे समुद्रापार निघालेत हे कळल्यावर ती माझ्याकडे वळली. "वैनी, हितलं सरलं का गं?"

*

गणपती गेले आणि हे गलबतातून दूरच्या बेटांवर गेले. नवरात्र आलं तरी खुशाली नाही. समुद्रात वादळ झाल्याचं कोणी चौकच्या बाजारात ऐकून आलं.

त्या दिवशी अंगणभर पिवळे चतुर. पोरांनी एकाच्या शेपटीला देवीच्या तांबड्या नाड्याचा धागा बांधलेला. मी तो कापला. गाठीपाशी जरासं टोक राहिलं. चतुराला तळहातावर घेऊन नवस बोलले आणि म्हटलं, "जा बाबा, आमचे हे सुखरूप आहेत का बघ."

दुसऱ्या सकाळी अंगणात एकही चतुर नव्हता.

*

मार्गशीर्षात हे आले. वाळलेले, काळवंडलेले, पण धड. गलबत मोडल्यामुळे एका बेटावर अडकून पडले होते. जेवताना सांगू लागले: तिथे नुसती वाळू, वस्ती नाही, चतुर जन्मायला लागतं तसं गोड्या पाण्याचं डबकंही नाही. आणि एका सकाळी आकाश पिवळ्या चतुरांनी भरून गेलं. समुद्र ओलांडून आले होते!

"एक माझ्या मनगटावर बसला. शेपटीला दोऱ्याचं टोक होतं."

पळी ठेवून मी विचारलं, "रंग?"

"तांबडा."

तुमच्याही अंगणात कोणी चतुर बांधलेला दिसला, तर तो सोडा हं. आणि सोडताना लांब गेलेलं आपलं माणूस मनात आणा.