वन्स मोर कुणी दिला?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या मंगळवार पेठेत तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथे, अमावस्येला कुणी ना कुणी उतारा ठेवायचंच. आमचे मालक त्यातला नारळ उचलून घरी आणायचे आणि मी त्याची चटणी वाटायची. आम्हाला कधी काही बाधलं नाही. तेव्हा हे वाचून ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

मालक, म्हणजे माझे यजमान, उद्यमनगरात फौंड्रीत होते. मशीनच्या गोंगाटात बोलून बोलून घसा असा मोकळा झालेला, की यांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात उभी. संगीत नाटकांचं भारी वेड. पद आवडलं की टाळी पडायच्या आधी यांची आरोळी — “वन्स मोर, बुवा!” गाणारी बाई असली तरी बुवाच. लग्नाच्या नवलाईत यांनी मला एका फिरत्या कंपनीचं नाटक दाखवलं होतं. नायिकेचं काम करणारा नट साठीचा, शालू नेसलेला, पण गळा इतका गोड आणि बायकी की मी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात हे ओरडले, “वन्स मोर, बुवा!” सगळं थिएटर हसलं. शालूतले बुवाही हसले आणि पुन्हा गायले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सत्तर साली हे कावीळ होऊन गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

मागे फोटो होते, सदरे होते. आवाज मात्र कशातच नव्हता. आमच्यासारख्यांकडे कुठला टेपरेकॉर्डर? वर्षभरात माझ्या लक्षात आलं, की यांचा आवाज मला आठवेनासा झालाय. शब्द आठवायचे — ‘अगं, पाणी तापलं का?’ — पण कानात वाजायचे ते माझ्याच आवाजात. धाकटा मुलगा विचारायचा, बाबा कसे बोलायचे? मी काय दाखवणार त्याला? माणूस एकदा गेला होता, आता दुसऱ्यांदा जात होता, आणि या वेळी तर मला कुणी भेटायलाही येणार नव्हतं.

एकाहत्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर इनामदार सर राहायचे, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये दोन विलायती कलाकारांचा प्रोग्रॅम ठरवला होता — एक गाणारा, एक गिटार वाजवणारा. खुर्च्या रिकाम्या राहतील या धास्तीने सर अख्ख्या गल्लीला आमंत्रण देत सुटले. माझी धाकटी नणंद शालन तेव्हा कबनूरहून माहेरपणाला आली होती. मुलांना शेजारी ठेवून तीच मला ओढत घेऊन गेली.

सरांनी सुरुवातीलाच बजावलं — यांच्या मैफलीत मध्ये बोलत नाहीत, वन्स मोर द्यायचा नाही. मग गिटारवाला एक पाय छोट्याशा पाटावर टेकवून बसला आणि नखांनी तारा छेडायला लागला. माइक नव्हता, आवाज इतका हळू की लोकांनी खोकणंसुद्धा आवरलं. आणि तो उंच, दाढीवाला माणूस गायला लागला... तो बाईच्या आवाजात! लोक विंगेत वाकून बघायला लागले. शालन माझ्या कानात कुजबुजली, “वैनी, बाई आत लपल्याली हाय व्हय?” पोरं फिदीफिदी हसली, पण दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळे गप्प झाले होते. त्या आवाजात जोर कुठेच नव्हता, तरी तो शेवटच्या भिंतीपर्यंत पोचत होता. मला शालूतले बुवा आठवले. आज हे असते तर, असं मनात आलं आणि मी ते तिथेच दाबलं.

शेवटी शेवटी एक गाणं झालं. सरांनी त्याचा अर्थ सांगितला होता, तो मी विसरले. जिना उतरावा तसा सूर खाली खाली येत होता, एवढंच आठवतं. गाणं संपलं. गिटारची तार अजून वाजत होती... आणि मागून आवाज आला.

“वन्स मोर, बुवा!”

तोच. तोच मोकळा घसा, ‘बुवा’वरचा तोच हेल. मी गर्रकन वळले. मागच्या ओळी रिकाम्या होत्या. दाराशी शिपाई स्टुलावर पेंगत होता. परत पुढे बघते तर तो गाणारा माझ्या डोक्यावरून त्याच रिकाम्या ओळींकडे बघून हसत होता. त्याने मान लववली, गिटारवाल्याला खूण केली आणि तेच गाणं परत सुरू केलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, की कुणी न मागता हा परत का गातोय?

दुसऱ्यांदा मी गाणं ऐकलंच नाही. सगळा जीव मागच्या दाराकडे लावून बसले. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मागून काही आलं नाही. तेव्हा मी उठून उभी राहिले आणि ओरडले, “वन्स मोर!” त्या काळात, भर हॉलमध्ये, कुंकू नसलेल्या कपाळाची बाई! सरांचा चेहरा पडला. पण तो भला माणूस माझ्याकडे बघत तिसऱ्यांदा गायला. त्याला वाटलं, मला गाणं हवंय. मी डोळे मिटून बसले होते... एकदाच, फक्त एकदाच... गाणं संपलं आणि कुणीच काही बोललं नाही. मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

बाहेर व्हरांड्यात चहा होता. त्या गायकाशी बोलता बोलता सर आमच्याकडे वळून म्हणाले, “बुवा म्हणजे काय, असं विचारतायत हे. दाराजवळून कुणी गृहस्थ तसं ओरडले म्हणे. कोण होतं हो?” कुणीच पुढे आलं नाही. कुणी काही ऐकलंच नव्हतं.

शालनने हातातली कपबशी खाली ठेवली. तिने मला खांबाआड नेलं.

“दादा आलता?”

मी मान डोलावली.

“तुला ऐकू आलं? आनि त्या सायबालाबी?”

मी हो म्हटलं.

“मी तुझ्या शेजारीच बसलीती की, वैनी. मग मला का न्हाय ऐकू आलं? मी सख्खी भैन हाय त्याची.”

नंतर लोकांनी कारणं पुष्कळ दिली. हॉल घुमतो, कान वाजतात, साहेबाने तो शब्द बाजारात ऐकला असेल. माझं समाधान एकानेही झालं नाही. तो आवाज मला परत मिळाला खरा, पण त्या तीन शब्दांपुरताच. माझं नाव त्या आवाजात आठवायला जाते, तर येत नाही.

शालन आता सत्तरीच्या पुढे आहे. अजूनही कबनूरहून आली की एकदा तरी तेच विचारते. तिचा भाऊ कसा आला, हे तिला नको असतं. आपल्याला का वगळलं, एवढंच हवं असतं. मी तिचा हात हातात घेऊन बसते.