सरसाबाईची सून आणि तिची दाढ

घराला घर चिकटलेलं असलं की किस्से गोळा करायला जावं लागत नाही, ते आपल्या पायांनी येतात. मोहाडीत आमच्या अन् सरसाबाईच्या घरात एकच कुडाची भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला माझेच होते! मोहल्ल्यात टीव्ही यायचा होता, तवर हाच कार्यक्रम.

*

सरसाबाई आपल्या नामदेवसाठी लाखांदूरकडं पोरगी पाहायला निघाली, तेव्हा एसटीत मलाही बसवून नेलं. पोरगी शांता. रंग सावळा, डोळे मोठे. सरसाबाईनं डोळे पाहिलेच नाहीत. हनवटी दोन बोटांत धरली अन् बाजारात गोऱ्हा पारखावा तशी इकडून तिकडं फिरवली.

"जबडा पाह्य कसा लहानसा! मोठ्या जबड्याच्या बाया खातेत बी लय अन् बोलतेत बी लय!"

पोरगी पास!

*

लग्नाला वर्षही झालं नसेल, शांतेला अक्कलदाढ फुटू लागली. अर्धी वर, अर्धी हिरडीत. गाल असा सुजला की डोळा बारीक दिसे. नामदेव ओट्यावर दोस्तांना सांगे, "आमच्या घरी अक्कल येऊन राहिली रे बाप्पा!"

दोस्त खो खो हसले. आत शांता दाढेखाली लवंग दाबून त्यांच्यासाठीच चहा गाळत होती.

*

मग जबडाच धरला. बोटभरही फट पडेना. भात सुटला, नुसती पेज. बोलणं तर संपलंच.

हळदीकुंकवाला सरसाबाई सगळ्या बायांत सांगते, "इतके महिने झाले, सुनेचा आवाज नाई माह्या कानावर! अन् खाणं पाखरावानी. सून पायजे त अशी!"

त्या दिवशी घरोघरी सुनांना बोलणी बसली, "शांतेकडून शिक काही!" कोपऱ्यात बसलेल्या शांतेच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरसाबाई म्हणाली, "पाह्य, किती हळवी हाय!"

*

ठणका वाढला तेव्हा सरसाबाईनंच आपली गुडाखूची डबी पुढं केली. "तंबाखूच असते त्यात. घास बोटानं, बधिर होते."

शांता घासू लागली. चक्कर येई, पण ठणका थांबे. पुढं डबी लवकर संपायला लागली. एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला, "माहेराहून गुडाखूचं येसन घेऊन आली वो हे पोरगी! आमच्या घरात नाई हे चाल!"

मी इकडं भाजी निवडत होते. ती चाल त्या घरात किती वर्षांची आहे, हे भिंतीलाही ठाऊक होतं!

*

"सरसाबाई, डॉक्टरला दाखवा हो तिले," मी म्हणत राहिले.

"धानाचा रोवणा होऊ दे." रोवणा झाला. "धान कापून होऊ दे." धान कापलं. "मळणी होऊ दे." मळणी झाली. "दाढेले का होते? सगळ्यांनाच येते."

शेवटी शांता तापानं फणफणली. गळ्यापर्यंत सूज आली, पाणीही गिळेना. नामदेव घाबरला. आम्ही दोघांनी तिला एसटीनं भंडाऱ्याला नेलं.

डॉक्टर म्हणाला, "दाढेचा काही दोष नाही. जबडा लहान आहे. तिला यायला जागाच नाही. इतके दिवस काय करत होता?"

नामदेव माझ्याकडं पाहू लागला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, जबडा पाहूनच तर सून केली!"

कोणीच हसलं नाही.

*

ताप उतरवून दाढ काढली. हळूहळू तोंड उघडू लागलं. पहिल्या दिवशी भिंतीतून ऐकलं, "मले भात अजून पायजे." पलीकडं सरसाबाईच्या हातचं भांडं पडल्याचा आवाज आला.

पुढच्या हळदीकुंकवाला सरसाबाईनं सुनेच्या व्यसनाची गोष्ट काढली. शांता ताट घेऊन उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "आई, डबी तुमचीच हाय. खोलू का?"

त्याच आठवड्यात जखम दाखवायला जायचं होतं. या वेळी सरसाबाई स्वतः निघाली. मला म्हणाली, "चाल, तुले रस्ता माहीत हाय."

डॉक्टरनं जखम पाहिली. "छान! काही विचारायचं आहे?"

सरसाबाईनं शांतेला बाहेर बसायला सांगितलं. मग पदर सावरून खुर्ची पुढं ओढली.

"डॉक्टरसाहेब, थे दाढ परत बसवता येते का?"