पहिल्या वाक्यात नातं

"ई," चॅनेलच्या बाई म्हणाल्या. मुंबईहून, लॅपटॉपच्या पडद्यावर, पाच-सहा जणांच्या देखत. "मामाशी लग्न? आपल्या मराठीत असलं काही नसतं. हे तिकडच्या लोकांत."

तिकडच्या लोकांत मी बसले होते. हैदराबादेत, निर्मात्याच्या ऑफिसात, मीच लिहिलेला सीन समोर घेऊन. आणि माझ्या वडिलांनी आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलेलं आहे. ती मुलगी म्हणजे माझी आई. आईची आई, म्हणजे माझी आजी, मला आत्याही लागते. निजामाच्या काळापासून इथे नोकऱ्या आणि वकिल्या करत राहिलेल्या आमच्यासारख्या कितीतरी मराठी घरांत हे सर्रास चालायचं. कुणी त्यावर दोनदा विचार करत नसे.

त्या "ई"चा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

त्या खुर्चीपर्यंत पोचायला मी पुष्कळ जोडे झिजवले होते. आधी एका डबिंग स्टुडिओत तेलुगू मालिकांचं मराठी करायची. पात्राचे ओठ थांबले की माझं वाक्य संपलं पाहिजे, एवढीच अट. नायिकेने दोन शब्दांत नकार दिला की मीही दोनच शब्दांत द्यायचा. असे दुसऱ्यांच्या ओठांत शब्द कोंबून कोंबून कंटाळले आणि चिक्कडपल्लीत एका टिफिन सेंटरच्या वरच्या खोलीत चालणाऱ्या पटकथेच्या क्लासला जाऊ लागले.

शिकवणारे सर म्हणजे तेलुगू मालिका लिहून लिहून पाठीला बाक आलेले गृहस्थ. खालून डोशाचा वास यायचा आणि वर आम्ही आठ-दहा जण सतरंजीवर. ते अर्धं तेलुगूत, अर्धं दखनीत बोलत. "सीन में कोई आया तो कुछ मांगने को आना. खाली चाय पीने को नक्को." मागितलेलं मिळालं तर सीन संपला, नाही मिळालं तर मालिका चालू राहिली, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. दुसरा नियम त्यांनी आम्हाला रडवून शिकवला. "देखने वाली औरत किचन में रहती, अम्मा. एक मिनट को बाहर आती, देखती, फिर अंदर जाती. उसको पहले जुमले में मालूम होना, कौन किसका कौन." म्हणजे पहिल्या वाक्यात नातं. दादा, वहिनी, अहो, सूनबाई, काहीही चालेल, पण हाक पाहिजेच.

मी भांडायची. घरात कोण असं बोलतं, म्हणायची. नवरा-बायको एकाच खोलीत बसलेत, तिसरं माणूस नाही, मग ती दर वाक्याला "अहो" कशाला म्हणेल? सर माझा कागद परत माझ्याकडे सरकवायचे. "तुम्हारे घर में नक्को देखो. उसके घर में देखो. और गुस्सा मेरे को मत दिखाओ, सीन को दिखाओ." पुढे कळलं की नियम खरा आहे. माझी आईसुद्धा मालिका तशीच बघते, हातात झारा घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून.

मग ती मालिका आली. तेलुगूत तुफान चाललेली एक मालिका मराठीत करायची होती. शूटिंग इथेच, शहराबाहेरच्या सेटवर, आणि दाखवणार मुंबईचं मराठी चॅनेल. दोन्ही भाषा येणारं माणूस हवं होतं. आधी मला नुसतं भाषांतराला बसवलं, मग सीन लिहायला दिले. मुंबईहून माझ्या मराठीवर रोज शेरे यायचे. मी "परेशान" लिहिलं की त्याचं "त्रस्त" व्हायचं. शाळेच्या पुस्तकाबाहेर त्रस्त झालेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, पण मुकाट्याने बदलत गेले. शेवटी सांगण्यात आलं की पडद्यावर "संवाद" या शब्दाखाली माझं नाव येईल. आईने ते तारनाक्यातल्या आमच्या सगळ्या गल्लीला सांगितलं. भाजीवालीला मराठी येत नाही, तिला तेलुगूत समजावून सांगितलं.

मूळ मालिकेचा कणाच मामा-भाचीच्या लग्नाचा होता. मुलीचं तिच्या मामाशी ठरतं आणि पुढचं सगळं त्यावर उभं. मी सणवार बदलले, दागिने बदलले, जेवणातले पदार्थ बदलले, लग्न मात्र तसंच ठेवलं. त्यात काही बदलायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण माझ्या लेखी ते मराठीच होतं. पुण्या-मुंबईच्या लेखकाच्या हातून ही चूक झाली नसती.

"असतं," मी त्या बाईंना म्हणाले. "माझ्या आईचं झालंय."

 पडद्यावर कुणीतरी आपला माइक बंद केला, बहुतेक हसायला. बाई म्हणाल्या, "ओह, सॉरी हं." आणि मग जरा पुढे सरकून, "पण म्हणजे तुमच्याकडे हे सगळं फर्स्ट-हँड आहे."

आठवड्याभरात नवी कथा आली. आता मामा खलनायक झाला होता. सीमेकडचं कुठलंसं मागासलेलं घराणं, दारू पिऊन भाचीला बोहल्यावर ओढणारा मामा, आणि तिला सोडवायला येणारा पुण्याचा शिकलेला हिरो. सोबत निरोप होता: ओढून नेण्याचा सीन तुम्हीच लिहा, तुम्हाला आतलं माहीत आहे.

माझे वडील दारूला शिवत नाहीत. नामपल्लीच्या कोर्टात त्यांनी हयात घालवली, आणि घरातही ते वकिलासारखंच बोलतात. त्यांना हा प्रकार सांगितला तर म्हणाले, "कायद्यात रूढीला सूट आहे. कलम काढून दाखवतो." मला तेही ऐकवेना. इथे कायद्याचं विचारतंय कोण?

असले अपमान आम्हाला नवे नव्हते. माझ्यासाठी पुण्याचं एक स्थळ आलं होतं, तेव्हा मुलाच्या आईने हे नातं ऐकून कप खाली ठेवला आणि मला आपादमस्तक न्याहाळत विचारलं, "मुलीत काही दोष नाही ना?" ते स्थळ गेलं, बरं झालं. पण त्यानंतर आमच्याच नातेवाइकांनी आईला बजावलं की चारचौघांत दूरचं नातं आहे असंच सांगत जा, बाकीच्या मुलींची लग्नं व्हायची आहेत. आई तसं सांगतही आली. त्या पुण्याच्या बाईंपेक्षा मला या आपल्या माणसांचा राग जास्त आहे. एवढी लाज वाटत होती तर अक्षता टाकायला कशाला आला होतात?

मी ठरवलं, लिहायचं, पण खरं लिहायचं. आतलं माहीत आहे म्हणता ना, मग घ्या आतलं. तावातावाने लिहायला बसले आणि लक्षात आलं की मला आतलं काहीच माहीत नाही. आईला मी कधी विचारलंच नव्हतं.

ती गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले.

"तुला विचारलं होतं का गं कुणी, लग्नाआधी?"

"कशाला विचारतेत? घरातलाच तर होता."

"तुला आवडायचे बाबा?"

"मामा आवडायचा की." आई हसली. "संक्रांतीला इथं आले की नुमाइशीच्या जत्रेला न्यायचा. मोठ्या पाळण्यात बसवायचा. मी भ्याले की हाच मोठ्यानं ओरडायचा, म्हंजे लोकांनी त्याच्याकडं बघावं, माझ्याकडं नको."

"मग?"

"मग लग्न झालं."

 ती देठं एकीकडे, पानं एकीकडे टाकत राहिली. मग म्हणाली, "हाक मारता येईना बघ. मामा म्हणायची सोय राहिली नाही. अहो म्हणायला गेले तर माझं मलाच हसू यायचं. म्हटलं जाऊ दे, नक्कोच काही." पानं धुवायला उठता उठता तिने आणखी एक वाक्य टाकलं. "नवरा चांगलाच मिळाला गं. पण मामा गेला माझा."

मी आठवायला लागले. आईने बाबांना हाक मारलेली मी खरंच कधी ऐकली नव्हती. "चहा झालाय," असं ती भिंतीला सांगायची. "पाणी तापलंय, बाबांना सांग," असं मला. मी हाताशी नसले की ती पातेल्यावर झारा वाजवायची आणि बाबा जेवायला उठायचे. मला ती तिची एक सवय वाटत होती. "नवरा-बायको कशाला हाक मारतील" म्हणून मी सरांशी तोंड वर करून भांडत होते ते या घरात वाढले म्हणून, हे तेव्हा कळलं. मला स्वतःचा राग आला, आणि मग पुन्हा चॅनेलच्या त्या बाईंचा, दुप्पट.

सीन लिहिला तो असा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी भाची मामाच्या खोलीत येते. मामा नेहमीसारखं "काय गं?" म्हणतो. ती म्हणते, "उद्यापासून तुला काय म्हणू?" मामाला उत्तर सुचत नाही. ती उभी राहते, मग तशीच परत जाते. बस्स. ती मागायला आली होती आणि तिला मिळालं नाही. सरांना फोनवर तेलुगूत करून ऐकवला. ते म्हणाले, "भेज दो, अम्मा. वो लोग काटते. मगर भेज दो."

कापलाच. शेरा आला: पहिल्या वाक्यात संबोधन नाही, त्यामुळे नातं कळत नाही. मामा गोड वाटतोय, त्याची भीती वाटली पाहिजे. आणि भाषा अजून थोडी आपली वाटू दे.

जिला हाक मारता आली नाही तिचा सीन, आणि तो नापास कशात, तर हाकेत. मी ताडकन निर्मात्याच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, माझं नाव काढा. तो म्हणाला, "टायटल लॉक हो गए, मॅडम. लोगां नाम डालने को रोते, आप निकालने को रोते." सीन त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला. नाव माझंच राहिलं.

घरी येऊन आईला सांगितलं, तो भाग बघू नकोस. का, तेही सगळं सांगितलं.

"तुझं नाव यायलंय," आई म्हणाली, "आन् मी बघू नको?"

तर त्या संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर खुर्चीत आणि आई झारा घेऊन दारात. मी भिंतीला टेकून उभी. नाव आलं. बाबांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचायला घेतलं, वाचून व्हायच्या आत ते गेलंही. मग तो सीन लागला. लाल डोळ्यांचा मामा, हातात बाटली. मुलीचं मनगट धरून तिला फरफटत नेतोय. "मामा, सोड मला," मुलगी किंचाळली. पहिलंच वाक्य, आणि त्यात नातं, अगदी नियमाप्रमाणे. कॅमेरा तिच्यावर, मग त्याच्यावर, मग पुन्हा तिच्यावर. वर ढगांचा गडगडाट.

बाबांनी आईकडे पाहिलं नाही.  खुर्चीच्या हातांवर ठेवलेले आपले हात त्यांनी उचलून मांडीवर घेतले आणि एकात एक धरून ठेवले. पडद्यावर तो दुसरा मामा मनगट पिळत होता. त्या क्षणी चॅनेलची ती बाई समोर असती तर माझ्या हातून काय झालं असतं सांगता येत नाही.

"मामा," आई म्हणाली.

बाबांनी मान वळवली.

"मामा, बंद कर ते."

बाबांना रिमोट सापडेना. मांडीखालीच होता. सापडला तसा त्यांनी टीव्ही बंद केला. "केला गं," म्हणाले, लहान मुलीला सांगावं तसं. आई आत गेली. थोड्या वेळाने अंबाडीच्या फोडणीचा वास आला आणि आम्ही जेवायला बसलो. 

ती मालिका मी सोडली. हाताशी आलेली संधी का घालवलीस असं लोक विचारतात, आईही विचारते. "मामा" हा शब्द आमच्या घरात आता अधूनमधून ऐकू येतो. मी दुसऱ्या खोलीत असले आणि तो कानावर आला की मला आनंद होतो, तो कसा नाकारू. पण माझ्या सीनने तो आणला नाही. त्या लाल डोळ्यांच्या, गडगडाटाच्या, माझं नाव चिकटवलेल्या घाणीने आणला. हे मी त्या चॅनेलवाल्यांना कधीही माफ करणार नाही.