सात नंबरचा व्हॉल्व्ह आणि दीपगृह

चावीवाले म्हणजे कुलपं दुरुस्त करणारे नव्हेत. ते नगरपालिकेच्या पाणीखात्यातले. छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधायची, पहाटे साडेपाचला घराबाहेर पडायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, खालच्या व्हॉल्व्हवर चावी बसवायची आणि मोजून फिरवायची, हे त्यांचं काम. असे एकोणीस व्हॉल्व्ह. एक नंबरला चौदा फेरे, दोनला नऊ, पाचला साडेसहा, आणि त्या साडेसहातला अर्धा फेरा राहिला तर टेकडीवरच्या लोकांच्या नळाला नुसती शिट्टी वाजते. सव्वीस वर्षं हा हिशेब चावीवाल्यांच्या मनगटात होता. कागदावर कुठेच नव्हता.

आता कागदावर का नव्हता, तर त्यांनी उतरवला नाही म्हणून. कुणी विचारलं की म्हणायचे, "ते लिहून येत नसतं हो. हाताला कळावं लागतं." ऐकणाऱ्याला ते खरंही वाटायचं. चावीवाल्यांनाही हळूहळू खरं वाटायला लागलं. माणूस स्वतःभोवती भिंत बांधतो तेव्हा तिला भिंत म्हणत नाही, जबाबदारी म्हणतो. आणि मग कुणी भेटलं की मान वाकडी करून सांगतो, "काय करणार, माझ्यावाचून सगळं अडतं!"

त्यांची बायको घरी पडदे शिवायची. गावातल्या निम्म्या खिडक्यांची मापं तिच्या वहीत होती. त्याच वहीच्या मागच्या पानांवर तेरा वर्षांपासून दुसरंच काही लिहिलेलं होतं, समुद्राकाठच्या शहराची सहल. तीन दिवस, दोन मुक्काम. शनिवारी सकाळी सहा चाळीसची बस, दुपारी दोनच्या आत तिथे. चार ते साडेपाच दीपगृह बघायला उघडं, वर जायला एकशे अठरा पायऱ्या. रविवारी पहाटे बंदरावरचा मासळीचा लिलाव, मग शंखशिंपल्यांचं संग्रहालय, दुपारी काचेच्या तळाची होडी. सोमवारी जुना धक्का, थोडी खरेदी आणि परत. समुद्र तिने जन्मात पाहिलेला नव्हता. पडदे न्यायला येणाऱ्या बायकांपैकी कुणी तिकडे जाऊन आलेली असली की ही तिला बसवून घ्यायची आणि खोदून खोदून विचारायची. होडी बंद पडली तेव्हा तिने होडी खोडली, पुन्हा सुरू झाली तेव्हा समासात लिहिली. संग्रहालय दुसऱ्या इमारतीत हललं, हिने पान बदललं. दीपगृहाच्या कचेरीत तर ती दरवर्षी फोन करून वेळा विचारायची. तिथला कारकून तिचा आवाज ओळखायला लागला होता. "काय ताई, यंदा येताय ना?" तो विचारायचा. "यंदा नक्की," ही म्हणायची.

आणि दरवर्षी घोडं अडायचं. एका वर्षी मोठी पाइपलाइन फुटली. एका वर्षी साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना गाव दाखवायला चावीवालेच हवे होते. एका वर्षी तर काहीच झालं नाही, तरी चावीवाल्यांना आदल्या दिवशी वाटायला लागलं की काहीतरी होणार. बॅग भरलेली होती. बायकोने ती मुकाट्याने रिकामी केली आणि मशीनवर जाऊन बसली. त्या दिवशी तिने एकाच घराचे अकरा पडदे शिवले .

पण या वर्षी गोष्ट वेगळी होती. तिचे गुडघे. तीस वर्षं मशीनचं पायडल मारून दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, जिने चढायचे ते यंदाच चढून घ्या, पुढच्या वर्षाची हमी मी देत नाही. घरी येऊन ती म्हणाली, "अहो, एकशे अठरा पायऱ्या आहेत. मला तुमच्याबरोबर चढायच्या आहेत. यंदा नाही तर मग नाहीच."

चावीवाल्यांना ते लागलं. त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी तो मंजूर केला आणि बदलीला मीटर वाचणाऱ्या बाईंना दिलं. खात्यात सगळे त्यांना मीटरबाई म्हणत. पन्नाशीला आलेल्या, चष्मा दोरीला लावून गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. त्यांना शिकवायला चावीवाल्यांना एकच दिवस मिळाला. त्या एका दिवसात त्यांनी काय केलं? "तुम्ही नुसतं बघा," असं म्हणून एकोणीसच्या एकोणीस व्हॉल्व्ह स्वतःच उघडले. एकदा म्हणून चावी हातातून सोडली नाही. मीटरबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी चावीवाल्यांनी एक कागद त्यांच्या हातात दिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आकडे उतरवले होते, आणि ते लिहिताना अंगावरचा सदरा कुणाला तरी काढून द्यावा तसं त्यांना झालं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी निघण्याआधीची सगळी व्यवस्था केली. गॅसचं बटण तपासलं, मागचं दार दोनदा ओढून पाहिलं, फ्रीज बंद करायला गेले.

"फ्रीज राहू द्या चालू," बायको म्हणाली.

"तीन दिवस उगाच कशाला?"

"राहू द्या म्हटलं ना. मी बघते."

चावीवाल्यांनी वाद घातला नाही. एवढी वर्षं पाणी सोडणाऱ्याने घरातल्या फ्रीजमध्ये नाक खुपसायचं नसतं, एवढी अक्कल त्यांना होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला दोघं बसमध्ये बसली. बायको खिडकीशी, मांडीवर वही. नवी साडी नाही, काही नाही, पण केस तिने नीट विंचरून घट्ट बांधले होते आणि चेहरा असा होता की चावीवाल्यांना लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. आपण हे आधीच का नाही केलं, असं त्यांच्या मनात आलं. अगदी खरंच आलं.

"ह्या बाटलीचं झाकण उघडून द्या हो," ती म्हणाली. "घट्ट बसलंय."

चावीवाल्यांनी बाटली घेतली, झाकण फिरवलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

सात नंबर.

गावातले अठरा व्हॉल्व्ह झाकणासारखे डावीकडे फिरवले की उघडतात. सात नंबर फार जुना, कुठल्या तरी दुसऱ्याच बनावटीचा, तो उजवीकडे उघडतो. तो आधीच बंद असताना डावीकडे जोर लावला तर आतला दांडा तुटणार. दांडा तुटला की दवाखान्याची गल्ली आणि खालची अख्खी वस्ती चार दिवस कोरडी. कागदावर त्यांनी लिहिलं होतं, "सात नंबर, अकरा फेरे." कुठल्या बाजूला, ते लिहिलंच नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या डोक्याला ते कधी आठवावंच लागलं नव्हतं. हात आपोआप वळायचा.

त्यांनी मीटरबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. कचेरी दहाशिवाय उघडत नाही. सात नंबरची वेळ सव्वासातची.

"काय झालं?" बायकोने विचारलं. त्यांनी सांगितलं.

"लागेल फोन. रस्त्यात लावत राहू."

"तोवर मोडून ठेवतील त्या! दवाखान्याची गल्ली आहे अगं ती."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मग उतरा," ती म्हणाली.

"दुपारी दोनची बस आहे. मी तिने येतो. तू पुढे हो, खोली ताब्यात घे. दीपगृह उद्या चढू."

"बरं."

"नक्की येतो."

"उतरा, ड्रायव्हर चढला."

ते उतरले. आणि खरं सांगायचं तर जमिनीला पाय लागल्याबरोबर त्यांना मोकळा श्वास आला. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बायकोने आपली बॅग उचलून त्यांच्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि वही उघडली. एवढंच दिसलं. मोकळ्या श्वासाची त्यांना भयंकर लाज वाटली, पण तोवर हात रिक्षाला दाखवून झाला होता.

सात वाजून पाच मिनिटांनी ते दवाखान्याच्या कोपऱ्यावर पोचले. मीटरबाई झाकण परत बसवत होत्या. चावी भिंतीला टेकवून ठेवलेली.

"हात लावू नका!" चावीवाले रिक्षातूनच ओरडले. "उजवीकडे! तो उजवीकडे उघडतो!"

"उघडला की," मीटरबाई म्हणाल्या. "अकरा फेरे. आज जरा लवकरच आटपतंय."

"कुठल्या बाजूला फिरवलात?"

"उजवीकडे. त्या दिवशी तुम्ही तसाच फिरवलात ना. मी बघत होते." त्यांनी खिशातून तो कागद काढून दाखवला. सात नंबरपुढे त्यांच्या बारीक अक्षरात एक बाण काढलेला होता. पाच नंबरपुढेही काहीतरी लिहिलेलं होतं. "तुम्हीच म्हणालात, नुसतं बघा. मीटर वाचून वाचून तेवढं येतं मला. फोन तुमचा होता का? दोन्ही हात चावीवर होते, घेता आला नाही. पण तुम्ही इथे कसे? बस चुकली का?"

दवाखान्याच्या आवारातल्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. त्यांनी चावीकडे हात नेला.

"राहू द्या," मीटरबाई म्हणाल्या. "रजा आहे तुमची. माझी सही घेऊन दिलीय साहेबांनी." आणि चावी आपल्या सायकलला बांधून त्या आठ नंबरकडे निघूनही गेल्या.

चावीवाले चालत घरी आले. वाटेत ओळखीचे दोघेतिघे भेटले. पाण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. ते आज कामावर नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दुधासाठी फ्रीज उघडला. दुधाची पिशवी होती, ताजी. तिच्याखाली तीन डबे एकावर एक रचलेले. प्रत्येक डब्याला पडद्याच्या अस्तराची पट्टी बांधलेली, आणि पट्टीवर शिंप्याच्या निळ्या खडूने लिहिलेलं. शनिवार. रविवार. सोमवार.

ते बराच वेळ फ्रीजचं दार धरून उभे राहिले. मग फोन लावला. बसचा आवाज ऐकू आला, मग तिचा.

"पाणी आलं," ते म्हणाले. "माझ्यावाचून आलं. त्यांनी बरोबर उघडला."

"येईल असं वाटलंच होतं मला."

"अगं, हे डबे..."

"सापडले का? शनिवारचा आजच संपवा, त्यात दही आहे."

"तुला ठाऊक होतं मी उतरणार म्हणून?"

"ठाऊक नव्हतं. तेरा वर्षं मला वाटायचं, यंदा येतील. यंदा मी तसं वाटू दिलं नाही, एवढंच."

"मी दोनच्या बसने निघतो. खरंच निघतो. आता इथे मला काही कामच नाही."

"खोली एकाच माणसाची घेतलीय हो मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सहन होईना. "महिना झाला घेऊन. आणि उद्या नाही, आजच चारला चढणार आहे मी. त्या कारकुनाला कळवलंय. तो म्हणाला, सावकाश चढा, मध्ये बसायला बाकं आहेत."

"एकटी?"

"एकटीच. वर पोचले की फोन करीन. जेवून घ्या वेळेवर."

फोन बंद झाला. दोनची बस होती आणि भरलेली बॅग तिच्याबरोबर गेलेली होती, पण बॅगेवाचूनही माणूस बसमध्ये बसू शकतो. चावीवाल्यांना हे कळत होतं. जावं, दीपगृहाच्या पायथ्याशी रात्री का होईना उभं राहावं, असं एकदा मनात आलंही. पण जाऊन म्हणायचं काय? मी आलो? ज्या गोष्टीला ते तेरा वर्षं येणार होते ती आज चारला त्यांच्यावाचून होणार होती, आणि नीट होणार होती. त्यांना रडू आलं. स्वयंपाकघरात उभं राहून, तोंडावर टॉवेल धरून ते रडले.

साडेनऊला मोरीतल्या नळात खरखर झाली. चावीवाले दचकले. सव्वीस वर्षांत त्यांच्या घरी सकाळचं पाणी आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी ते नेहमी तेरा नंबरवर असायचे, चार गल्ल्या पलीकडे. आधी हवा आली, मग थेंब, मग भरून धार. त्यांनी बादली खाली सरकवली. धार बारीक नव्हती, जास्तही नव्हती. तेरा नंबरचे आठ फेरे, एक कमी नाही की जास्त नाही.

बादली भरली. त्यांनी नळ बंद केला, शनिवारचा डबा बाहेर काढला, आणि चार वाजायची वाट बघत बायकोच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसले.