तीन चाळीसवरची भिंत

भूतबीत मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही नाही. त्यामुळे खाली 'ताई, दृष्ट काढून घ्या' असं कुणी लिहू नका, प्लीज.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही शारजाला राहायचो, मी ड्राफ्ट्सवुमन होते. अबुधाबीच्या पश्चिमेला एका बेटावर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या चर्चचे अवशेष सापडले होते... गुडघाभर भिंती, बाकी वाळू. त्यांचा नकाशा काढायचं काम मला मिळालं. नकाशावर माझं नाव येणार होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

कामाची पद्धत अशी — केरळचा युसुफभाई टेप धरून हिंदीत माप ओरडणार, मी तेच मोठ्याने परत म्हणून वहीत लिहिणार.

त्या दिवशी सकाळी अकराला, लख्ख उन्हात, मी मान खाली घालून लिहीत होते. "तीन चालीस." म्हणजे तीन मीटर चाळीस सेंटीमीटर. मीही म्हटलं, "तीन चालीस." अशी सात मापं झाली. वर बघते तर समोर सपाट वाळू, भिंतीचा पत्ता नाही. टेप गुंडाळून ठेवलेली. युसुफभाई जेटीकडून पाण्याचे कॅन घेऊन येत होता. म्हणाला, "मॅडम, मैं तो आधे घंटे से उधर था." अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

आमचे प्रोजेक्ट इनचार्ज वही बघून भडकले. "ये कौनसी दीवार है? काट दो."

"सर, जो सुना वो लिखा. नहीं काटूँगी."

तीन आठवड्यांनी त्याच सपाट वाळूत खोदलं. हातभर खाली भिंत निघाली. सातही मापं जुळली.

मग साहेब गोड झाले. "यल्ला, चलो, ये पन्ना नया लिखो, आज की डेट डालो, खलास. खोदने से पहले नाप कैसे आया, लोगों को क्या जवाब देंगे?" माझं डोकंच फिरलं. आधी मापं खोटी म्हणून खोडा, आता खरी म्हणून तारीख खोटी घाला? मी नाही म्हटलं. "तो फिर ड्रॉइंग पे तुम्हारा नाम नहीं आएगा." म्हटलं, मत डालो.

नकाशा दुसऱ्याच्या नावाने छापला. घरी येऊन ढसाढसा रडले, कबूल आहे. नवरा म्हणाला, "अगं, मापं तुझीच ना? मग नाव गेलं खड्ड्यात."

तेवढं मात्र मला 'हो' म्हणता आलं नाही. मापं माझी कुठे होती? कुणीतरी सांगितली, मी लिहिली. कुणी, ते आजही माहीत नाही... पण ज्या दिवशी सांगितली, तीच तारीख त्या पानावर आहे. ती मी कुणाच्या बापाला बदलू दिली नाही.