बगळ्याचा डावा पंख

माझा भाऊ सकाळी सव्वासहाला बूट घालायला खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. मी आत चहा गाळत होते. बाहेर आले तेव्हा एक बूट पायात होता आणि दुसऱ्याची नाडी हातात. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तो सदुसष्ट वर्षांचा होता, मी चार वर्षांनी लहान. मी लग्न केलं नाही. वहिनी गेली, भाच्यानं परदेशात घर केलं, त्यानंतर सिडकोतल्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, दादा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. आमच्यात फारसं बोलणं नव्हतं. मला ते कधी कमी वाटलं नाही.

तेरावं झालं, त्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन माणसं दारात आली. छाटलेल्या पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली साठीची बाई.

“मास्तरांचं घर हेच ना?” बाईनं विचारलं.

इथं कुणी मास्तर राहत नाहीत, असं मी सांगितलं.

“अवं, आमचे ताई-चीचे मास्तर.”

ताई-ची म्हणजे अगदी सावकाश करायचा चिनी व्यायाम, एवढं मला वाचून माहीत होतं. घर चुकलं असावं म्हणून मी शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तेव्हा त्या गृहस्थांनी मोबाइलवर एक फोटो शोधून पुढे धरला. बागेच्या हिरवळीवर अठरा-वीस माणसं एका पायावर उभी होती आणि त्यांच्यासमोर, पाठमोरा, हात पसरलेला दादा. त्याच्या अंगातला राखाडी स्वेटर मी विणलेला होता.

दोन वर्षं तो तिथं शिकवत होता. रक्तदाबासाठी काहीतरी शांतपणे करत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यानं मोबाइलवर बघून ताई-ची उचललं होतं. मग आधी एक जण त्याच्यामागे उभा राहिला, मग दुसरा. मला तो रोज म्हणायचा, “चक्कर मारून येतो.”

“आम्ही विचारलं होतं त्यांना, घरच्यांना का नाही आणत,” ते गृहस्थ म्हणाले. त्यांना सगळे चाचा म्हणत. “बोले, घरकू बोले तो बहन पाच किताबां लाके रखती, और सवाल पूछती.”

बाईनं त्यांना कोपरानं ढोसलं. मी दोघांना पाणी दिलं. ते गेल्यावर मी बराच वेळ दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिले. दादा म्हणाला होता ते खरं होतं. मी पाच पुस्तकं आणली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले. त्यांनी मला समोर बाक दिला आणि रांगा धरल्या. सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकदम मान डावीकडे, मग उजवीकडे कडकन मोडली. ती दादाची सवय होती, पेपर उघडण्याआधीची. आता ती अठरा अनोळखी मानांमध्ये होती.

त्यांनी प्रत्येक क्रियेला आपापली नावं दिली होती. चेंडू धरणं, ढग ढकलणं, बगळा. बगळ्यात आधी उजवा हात अगदी हळू डोक्यावर जात होता, पंखासारखा. मग डावा निघाला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. सगळ्यांचाच. एकाचाही हात त्याच्या वर गेला नाही.

संपल्यावर मी त्याबद्दल विचारलं.

“ते शेवटचं शिकवलेलं, मॅडम,” कुंकवाची बाई म्हणाली. “दोन महिन्याखाली. म्हणले, डावा एवढाच. आधी दोन्ही वर जायचे.”

“डावीकडे हृदय असतं ना,” बँकेतून निवृत्त झालेले एक जण पुढे आले. “त्याच्यावर हाताची सावली धरायची. मन स्थिर होतं.”

“असं दादा म्हणाला?”

“नाही, हे आम्ही काढलं. मास्तर फक्त म्हणाले, एवढाच.”

मी पुन्हा बाकावर बसले. दोन महिन्यांपूर्वी दादानं बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून हातभर खाली बांधली होती. माझी उंची कमी आहे. आपापले कपडे वाळत घालताना त्याचा हात सहज पोचायचा, मला टाचा उंचवाव्या लागत. इतक्या वर्षांनी त्याच्या लक्षात आलं, म्हणून मला बरं वाटलं होतं. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो क्लिपांचा डबा घेऊन आत गेला.

चाचा रुमालानं कपाळ पुसत माझ्याजवळ आले. “पहले मेरेकू जमत नव्हतं. हात सवयीनं वर जायचा. आता आपोआप थांबतो. तीन हफ्ते झाले, जिना चढलो की डावा हात असा जड होतो, वर इथं जबड्यापर्यंत. बसलो की जातो. मास्तरका असर है.”

“चाचा लई पुढं गेले,” बाई म्हणाली. “उद्या उडत्यात बघा.”

“तू खाली उभी रहा, झेलायला.”

सगळे हसले. चाचाही हसले, पण त्यांच्या कपाळावर पुन्हा घाम आला होता आणि हवा गार होती.

हातात कागद असल्याशिवाय मी चार माणसांत कधी बोलले नाही. आता बोलले तर त्याचा शेवटचा धडा यांच्या हातून जाणार होता. रोज सकाळी समोर उभ्या असलेल्या माणसाचं दुखणं आपण गिरवत होतो, हे ओझं घेऊन प्रत्येकाला घरी जावं लागणार होतं. न बोलण्यानं काय होतं, ते मी खुर्चीत पाहिलं होतं.

“तो पंख नव्हता,” मी म्हणाले. “त्याचा हात दुखत होता. त्यातच तो गेला. चाचा, तुम्ही आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला.”

बँकवाल्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला.

“मास्तर झूट नहीं बोलते थे,” चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

“खोटं बोलला नाही. कारण सांगितलं नाही, इतकंच. आणि आपण विचारलं नाही. तुम्ही इथं, मी घरी.”

रिक्षात ते सगळा रस्ता कुरकुरत होते. नाष्टा व्हायचा होता, सुनेला सांगितलं नव्हतं. बाई दुसऱ्या बाजूला बसली होती, तिनं त्यांचं मनगट सोडलं नाही. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. तरुण डॉक्टर ती वाचता वाचता बोलायचा थांबला. पायी चालत आलेल्या चाचांना त्यानं चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि आत नेलं. तासाभरानं तो बाहेर आला. रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, आता उघडली आहे, दोन-तीन दिवस ठेवावं लागेल.

“हाताचं कुणाच्या लक्षात आलं?” त्यानं विचारलं.

बाईनं माझ्याकडे बोट केलं.

“तुम्ही यांच्या कोण?”

“कुणी नाही.”

“चांगलं लक्ष आहे तुमचं,” तो म्हणाला आणि गेला. मला बाल्कनीतली दोरी आठवली.

चाचांची सून येईपर्यंत आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसून होतो. बराच वेळ बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“मास्तरांना लई दुखत असंल का वो?” तिनं विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.