सुलतान बोलला नाही

पुसदच्या बाजारात रहमतचं दुकान आठ फूट रुंद आहे. पाठीवर घ्यायचे फवारणीचे पंप भिंतीला लागून छतापर्यंत रचलेले असतात. पंप हाती आला की तो आधी झाकण उघडून टाकीत नाक घालतो. आत कोणतं औषध होतं, ते वासावरून सांगतो आणि सहसा चुकत नाही. पावसाळाभर हेच चालतं. दिवाळीनंतर फवारणी थांबते, गिऱ्हाईक कमी होतं. त्या महिन्यांत पूर्वी तो तितर धरायला जायचा.

तितर धरणं गुन्हा आहे हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. त्याच्या वडिलांनी धरले, त्यानं धरले. २००६ नंतर एकही नाही. त्यामागे एका सकाळची गोष्ट आहे. ती तो कुणालाही सांगतो आणि स्वतःची चूक वगळत नाही.

त्याच्याकडे सुलतान नावाचा पाळलेला नर होता. बांबूचा पिंजरा, वरून हिरव्या कापडाचा गलेफ. सईदा, रहमतची बायको, त्याला रोज उधई खाऊ घालायची. त्यासाठी ती गावाबाहेरून वाळवी लागलेली लाकडं आणायची. "मेरे से ज़्यादा इसका नाश्ता देखते," असं ती म्हणायची, पण लाकूड झाडायचीही तीच.

सोयाबीन निघून गेलं, ज्वारी कापली गेली की तितर तुरीत राहतात आणि उजाडताना सांडलेले दाणे टिपायला मोकळ्या रानात येतात. रहमत पिंजरा रानात ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचा आणि गलेफ काढायचा. सुलतान ओरडायचा. रहमतच्या घरात त्या ओरडण्याला 'सुबहान तेरी कुदरत' म्हणत. ज्यांच्या शेतात तो फासे मांडायचा, त्या रामरावांना त्यात 'कतीतर, कतीतर' ऐकू यायचं. रानातल्या नराला मात्र एवढंच कळायचं की आपल्या हद्दीत कुणी परका आला आहे. तो भांडायला धावून यायचा आणि पाय फाशात अडकवून घ्यायचा.

रामराव हे त्या शेताचे मालक. गाव पुसदपासून चौदा किलोमीटर. नाव इथे देत नाही. त्यांच्या पंपाची दुरुस्ती रहमतकडे आणि रहमतचे फासे त्यांच्या शेतात, असा वीस वर्षांचा घरोबा. त्यात एक रीत होती. मोसमातलं पहिलं पाखरू शेताच्या मालकाचं. ते जिवंत द्यायचं आणि देताना ते कसं आलं ते सांगायचं: कोणत्या बाजूनं आलं, सुलताननं किती हाका दिल्या, पाखरानं उत्तर दिलं की मुकाट आलं. रामरावांना पाखराएवढंच हे ऐकण्यात सुख होतं.

त्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीला, नयनला, सातवा महिना होता. ती माहेरी आली होती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पंप न्यायला आले तेव्हा रामराव दुकानात म्हणाले, "पोरीले तितराचे डोहाळे लागले, रहमतभाई. तिची माय माळकरी अन् पोरगी पाखरं मागून राह्यली."

"मंग घरात कसं शिजंल?"

"घरात कायले? गोठ्यामागं तीन दगडं मांडतो. मीच रांधतो. तिची माय तिकडं तोंड करून बसते अन् मीठ कमी पडलं का इचारते."

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात रहमत जुन्या लुनावर पिंजरा बांधून निघाला. शेतात पोचला तेव्हा फटफटलं होतं. धुकं गुडघ्यापासून वर होतं. खाली सोयाबीनचे खुंट दिसत होते, वर काही दिसत नव्हतं. डावीकडे कपाशी. भाव इतका पडला होता की रामरावांनी शेवटची फवारणी केली नव्हती आणि तिसरी वेचणीही तशीच उभी होती. धुक्यात बोंडं दिसत नव्हती, नुसता कापूस दिसत होता, हवेत लोंबल्यासारखा.

त्यानं फासे मांडले, गलेफ काढला आणि वीस पावलांवर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आडोशाला बसला.

सुलतान ओरडला नाही.

आधी रहमतला वाटलं, थंडीमुळे असेल. मग त्याला कळलं की दुसरंही काही ओरडत नाही. होले नाहीत, साळुंक्या नाहीत. उजाडताना शेतात जे बारीक आवाज असतात आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, ते नव्हते. सुलतान पिसं अंगाशी आवळून, मान आत ओढून पिंजऱ्याच्या मधोमध उभा होता. ससाण्याची सावली पडली की तो असा व्हायचा. पण वर धुकं होतं. सावली पडायला ऊनच नव्हतं.

अर्ध्या तासानं तुरीतून तितर निघाले. धावत नव्हते, टिपत नव्हते. एकामागं एक, चालत. पाच होते. फाशांच्या दोन हात अलीकडे ते थांबले. पहिल्यानं मान मागं टाकली, इतकी मागं की चोच आभाळाकडे झाली. तो तसाच राहिला.

रहमत उभा राहिला. पाखरं उडाली नाहीत. तो चालत गेला. त्याच्या चपलेखाली खुंट मोडला, त्याचा आवाज झाला, तरी उडाली नाहीत. त्यानं वाकून एक उचललं. तीस वर्षांत मोकळा तितर त्याच्या हाती असा आला नव्हता. अंग गरम होतं, काळीज भरभर उडत होतं, डोळा उघडा होता आणि तो डोळा त्याच्याकडे बघत नव्हता.

"डर लगा," तो सांगतो. "पण डरापेक्षा खुशी ज्यादा झाली. पाच पाखरं, बिनाफाशाची."

त्यानं पाचही टोपलीत घातले.

हातांना वास येतो का, हे त्यानं पाहिलं नाही. मोसमभर त्याच्या हातांना, सदऱ्याला, भाकरीलाही औषधाचा वास असायचा. दुकानात टाकीत नाक घालणारा माणूस शेतात आपल्या हाताचा वास घेत नव्हता.

रामराव अंगणात दात घासत होते. रहमतनं त्यातल्या त्यात ताठ उभं असलेलं पाखरू निवडून त्यांच्या हाती दिलं. रामरावांनी ते चाचपलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "बोल, कसं आलं?"

सुलतान गप्प राहिला, हे रहमतला सांगवेना. ज्याचा तितर बोलत नाही त्याला पाखरंवाले हसतात. वडिलांपासूनचं नाव होतं. तो म्हणाला, "सुलताननं सात हाका देल्या. तुरीतून जवाब आला. पंख फुलवून आलं, सीधं फाशात."

"वा रे सुलतान," रामराव म्हणाले. "सात?"

"सात."

आतून रामरावांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा आवाज आला, "आज एकादशी हाय, म्हणा त्याइले. पाखरू उद्यापर्यंत डालग्याखाली राहू द्या." त्या दारात आल्या. "अन् रहमतभाऊ, चहा घेऊन जा. चहाले एकादशी नाही लागत."

रहमत चहा पिऊन निघाला. नयन ओसरीवर बसली होती. ती त्याला म्हणाली, "काका, उद्यापर्यंत मी डालग्यापाशीच बसते. बाबा कलेजी आधीच भाजून खातात, मले ठेवतच नाहीत."

पुसदला पोचेपर्यंत टोपलीतले दोन मेले होते. रहमतनं ते फेकले आणि उरलेल्या दोघांना घाईनं हलाल केलं. सकाळचे साडेदहा झाले होते. सईदानं मोरीवर बसून पहिलं पाखरू फाडलं आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी उघडली. ती ज्वारीनं गच्च होती. दाणे फुगले नव्हते, पिवळेही नव्हते. राखाडी होते, तेलकट.

"इधर आओ," ती म्हणाली. "सूंघो इसको."

रहमतनं वाकून वास घेतला. ते औषध त्यानं त्या मोसमात शंभर टाक्यांमधून हुंगलं होतं. रामरावांच्या टाकीतूनही.

गावात एकच फोन होता, किराणा दुकानात. तो कुणी उचलला नाही. रहमतनं लुना काढली. सईदा मागं बसली. ती कशाला, असं त्यानं विचारलं नाही. चौदा किलोमीटरभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: आज एकादशी आहे. पाखरू डालग्याखाली आहे. वच्छलाबाई आज ते कापू देणार नाहीत.

गोठ्यामागून धूर निघत होता.

घडलं ते असं. दहाच्या सुमारास डालग्याखालचं पाखरू लुडकलं. मेलं तर वाया जाईल म्हणून रामरावांनी एकादशी बाजूला ठेवली आणि ते कापलं. वच्छलाबाई रागानं देवापुढे जाऊन बसल्या. रामरावांनी सवयीप्रमाणे कलेजी आणि पेटा, म्हणजे पाखराचं दाणे दळणारं जठर, आधी निखाऱ्यावर भाजून तोंडात टाकला. मग रस्सा झाला. पहिली वाटी नयनची.

रहमत गोठ्यामागं पोचला तेव्हा वाटी तिच्या हातात होती. भरलेली.

"नयन, ठेव ते!"

ती दचकली नाही. वैतागून म्हणाली, "काका, तुमीच सांगा याइले. मी मघापासून म्हणून राह्यली, याले पंपाचा वास येते. बाबा म्हणतात नखरे करते. दोनदा तोंडाशी नेली, जातच नाही."

"खाल्लं? एक घास तरी?"

"नाही म्हणते ना."

सईदानं तिच्या हातातली वाटी घेतली आणि रस्सा निखाऱ्यावर ओतला.

"अरे, अरे," रामराव चुलीपाशी बसूनच म्हणाले. "पागल झाले का तुमी? मी खाल्लं ना." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "धूर गेला डोळ्यात. तुमी दोघंही अंधारात दिसून राह्यले."

उन्हं डोक्यावर होती. रहमतनं त्यांची हनुवटी धरून डोळे बघितले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. फवारणी करून आलेल्या मजुरांचे असे डोळे त्यानं पाहिले होते. त्यातले काही जण त्याला पुन्हा कधी दिसले नव्हते.

लुनावर रामराव मधे, मागून सईदानं त्यांना ओढणीनं रहमतच्या पाठीला बांधलेलं, आणि ती स्वतः कॅरियरच्या टोकावर. रहमत सांगतो की रस्त्यात पाठीवरचा श्वास तीनदा थांबल्यासारखा झाला आणि तीनही वेळा सईदानं रामरावांच्या पाठीत बुक्की मारली.

पुसदच्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी रामराव उशीला टेकून बसले. नयन आणि वच्छलाबाई खाटेच्या कडेला होत्या, रहमत दाराशी उभा. रामरावांनी त्याला जवळ बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हता.

"सुलतान बोललता का?"

रहमत म्हणाला, "नाही."

"सात हाका?"

"एकही नाही. पाखरं आपल्या पायानं आली. मी हातानं उचलली."

रामराव उशीवर सरकून नीट बसले. मग म्हणाले, "हे त्या सकाळी सांगतलं असतं, त मले तिथंच समजलं असतं. फवारणीचं औषध उरलतं. ज्वारीले चोळून तुरीकडच्या धुऱ्यावर टाकलं, उंदरासाठी. चार दिवस झालते. पाखरू फाशात भांडून आलं म्हणजे चांगलं, असं मी धरलं."

"अन् मले काहून नाही सांगतलं धुऱ्याचं?"

"तू फासे इकडं सोयाबीनात लावत. तिकडं कायले सांगू?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "दोघंही शहाणे. पोरीच्या नाकानं वाचलो." आणि रामरावांच्या तोंडाला त्यांनी पाण्याचा पेला लावला, जरा जोरातच.

नयनला पुढं मुलगी झाली. पण त्याआधी, दवाखान्यातून सुटल्यावर आठवड्यानं, रामराव आणि रहमत धुऱ्यावर गेले. उरलेली ज्वारी गोळा करून पुरायची, म्हणून. बरोबर पोतं होतं, खराटा होता. सुलतानचा पिंजराही रहमतनं आणला होता. का, ते त्याला सांगता येत नाही.

सकाळचे नऊ वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. रामरावांनी धुऱ्यावर पायलीभर ज्वारी टाकली होती. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालले. एक दाणा नव्हता.

"सगळी खाल्ली," रामराव म्हणाले.

मग त्यांनी तुरीत पाहिलं, कपाशीत पाहिलं, नाल्यापर्यंत गेले. मेलेलं पाखरू दिसलं नाही. उंदीरही नाही. एक पीसदेखील नाही. कोल्ह्यांनी नेलं असावं, असं रामराव म्हणाले. मग कोल्हे कुठे गेले, हे दोघांनीही विचारलं नाही.

ते पिंजऱ्यापाशी परत आले तेव्हा तुरीतून एक तितर ओरडला. जवळून, स्वच्छ. पुन्हा ओरडला. रहमतनं मोजलं. सात हाका झाल्या.

सुलतान मान उंच करून आवाजाच्या दिशेनं बघत होता. चोच मिटलेली होती.

"देते का जवाब?" रामरावांनी हळूच विचारलं.

"नाही," रहमत म्हणाला आणि पिंजऱ्यावर गलेफ ओढला.